अंदाजाने हात न घालणाऱ्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी केदारखेड्याच्या शाळेत होते. मुलं पाढे म्हणत राहिली आणि मी खुर्चीत नुसती बसून राहिले...

मला त्यांच्या जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता. दुसऱ्या दवाखान्यात पिशवी धुऊनही झाली होती, तरी अंगावरून जायचं थांबेना, वर ताप. सासूबाईंनी निकाल लावूनच टाकला होता. ‘पिशवीच काढून टाका बाई. बिलकुल नको ती रोजची कटकट.’ गावातल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या अशाच गेल्या होत्या, दुखरी दाढ उपटावी तशा.

बाई फटकळ. ‘पिशवी तुमची न्हाई, तिची हाय. बसा बाहेर,’ म्हणाल्या. मग सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. ‘कोपऱ्यात तुकडा राहिलाय. काढू, पण बघत बघत. अंदाजाने हात घालायचा नाही.’ सिस्टरने पोटावर यंत्र धरायचं आणि बाईंनी पडद्यावर नजर ठेवून काम करायचं, अशी त्यांची रीत. भूल उतरल्यावर त्यांनी मला पुन्हा पडद्यावर दाखवलं. एक बारीक पांढरी रेघ होती. ‘बघ, साफ झाली. पिशवी वाचली तुझी.’ त्यांना हायसं वाटलं होतं. मी मात्र ढसाढसा रडले, कारण माझं जे होतं ते आता तिथे नव्हतं. बाईंनी समजूत घातली नाही. हात तेवढा धरून ठेवला.

पुढे मला मुलगी झाली. बारशाला तिला पाळण्यात बाईंनीच घालावं, असा माझा हट्ट. ‘नक्की येते,’ म्हणाल्या आणि आल्या नाहीत. मोठ्या डॉक्टरला आमचं खेडं कशाला आठवतंय, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मागच्या आठवड्यात लेकीला घेऊन बाईंच्या घरी भेटायला गेले. बाईंच्या यजमानांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हिच्या बारशाला आम्ही निघाल्तो. तुमच्या फाट्यावरून बाईनं गाडी मागं वळवायला लावली.’ मला काही कळेना. ‘आमचंबी एक पोटातच गेल्तं. सोनोग्राफीचं मशीन यायच्या आधीची गोष्ट. डॉक्टरनं तिची पिशवी अंदाजानंच धुतली, भोक पडलं, मंग काढावीच लागली. त्या दिवशी फाट्यावर म्हणाली, वांझेचा हात पाळण्याला लागू नये.’

असल्या समजुतींवरून आम्हा बायकांना झाप झाप झापणाऱ्या बाई... माझ्या घरात पाळणा हलला तो त्यांच्याच हातांमुळे. तेच हात त्या फाट्यावरून माघारी घेऊन गेल्या.