खालच्या वावराला पाणी नको

चौथीत माझी शाळा सुटली. पुढं काही वर्षांनी लग्न होऊन मी पाथर्डीकडून नेवाशाच्या अंगाला, पाटाच्या पाण्यावर आले. पहिल्याच आठवड्यात सासरे म्हणाले, "सूनबाई, जरा दारं धर." मी पळत घरी गेले आणि दोन्ही हातांनी कवाडं धरून उभी राहिले. ते म्हणत होते वाफ्यांची दारं. एक वाफा भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. आमच्या गावाला पाटच नव्हता, मला कुठून ठाऊक? सगळी वस्ती कितीतरी दिवस हसत होती. "काय गं, धरलं का दार?"

हसू देत. दुष्काळ चालू होता. माझे आईवडील खडी फोडायला जात होते आणि मी इथं दोन वेळा भाकरी खात होते. त्या भाकरीचे उपकार मोठे होते आणि तिची भीतीही. शब्द वाकडा गेला आणि परत धाडलं, तर तिकडं आणखी एक तोंड वाढणार.

खालच्या वावरात ऊस होता. तो पिवळा पडायला लागला. सासऱ्यांकडं औषध एकच, पाणी. पाटाच्या पाण्याची पाळी आली की गरज असो नसो, घ्यायचीच. सोडली तर पुढची मिळेल याचा भरवसा नव्हता. एक दिवस दारं धरताना मला वरंब्यावर पांढरा थर दिसला. बोटानं उचलून जिभेला लावला. खारट. असली माती माहेरी ओढ्याकाठी होती. बाया तिनं कपडे धुवायच्या. तिथं गवताची काडीसुद्धा येत नव्हती.

"मामा, ह्या वावराला आता पाणी नका देऊ. जास्तीच्या पाण्यानं खार वर येतोय."

"पाण्याचं तू मला शिकवती व्हय? तुमच्याकडं पाव्हण्याला तांब्या देताना बी इचार करत्यात!"

"म्हणून तर कळतंय मामा."

नवऱ्यानं फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याचं दार फोडलं.

पुढच्या पाळीला पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून आला. सासरे फावडं घेऊन तयारच होते. मी खालच्या वावराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"भाऊ, वरच्या ज्वारीला द्या. खालच्याला थेंब न्हाई."

पाटकरी सायकलवर रेलून हसला. "आबा, आख्खा मुलूख पाणी पाणी करतोय, अन् तुमची सून नको म्हनती? लईच श्रीमंताघरची दिसती!"

सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. "उद्या सकाळची पाथर्डीची यष्टी धर."

"धरीन. पर आधी इथून नाल्यापातुर चर खांदते. साचलेलं पाणी निघंल, त्याच्यासंगं खार बी निघंल. खाल्ल्या भाकरीला जागू द्या, मग जाते."

पाणी वरच्या ज्वारीला गेलं आणि मी खणायला घेतलं. दोन दिवस एकटीच खणत होते. तिसऱ्या दिवशी सासरे चरीशी आले, वाकून बघितलं.

"गुडघाभर चरीनं काय व्हतंय? कंबरंइतकी घे."

आणि पायताण काढून आत उतरले. यष्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. ऊस मात्र मोडावा लागला. ताग पेरून तो खत म्हणून हिरवाच जमिनीत गाडला. तीन वर्षांनी तिथं ज्वारी उभी राहिली, तीही विरळ.

शेजारच्या वावरांत पाळ्या चालूच राहिल्या आणि एकेक वावर पांढरं होत गेलं. लोक म्हणायचे, दुष्काळातली आहे, हिला पाणी पचत नाही. नाहीच पचत. जमिनीलाही पचत नाही, हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. आजही सांगते, कुणाला राग आला तर येवो.