आप्पांचा अंगठा

आमच्या आप्पांना कांदा कापून बघावा लागत नसे. मानेवर अंगठा दाबला की ते सांगत, "ह्यो आतून गेलाय." चांदवडच्या बाजारात व्यापारीसुद्धा माल घेताना त्यांना सोबत उभे करत. आप्पा माझे चुलते, वडिलांहून तीन वर्षांनी धाकटे. वडील नाशिकला नोकरीला आले, आप्पा शेतावर राहिले. दोघांत एवढाच काय तो फरक, असे आम्ही समजत होतो.

वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रक्तात संशय आला आणि वेळेवर ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, "हा घराण्यात असू शकतो. भावाला तपासून घ्यायला सांगा." पण आम्ही पडलो सुशिक्षित. असल्या जागेचा आजार गावात कळवायचा कसा? मीच फोनवर आप्पांना 'हर्निया' सांगितले. ते पिशवीभर निवडक कांदे घेऊन भेटायला आले. "एवढ्याशा हर्नियाला केवढं हे हॉस्पिटल!" म्हणून थट्टाही करून गेले.

पूर्वी नाशिकला येताना आप्पांची जीप एकदाच थांबे, चहासाठी. पुढे ती चार-पाचदा थांबू लागली आणि चहा कुठेच नसे. "नळ जुना झाला की गळतोच," ते म्हणत. मी त्यांच्या जीपला 'पॅसेंजर' नाव ठेवले. सगळे हसले, आप्पाही. आता त्या विनोदाची मला शरम वाटते.

मग त्यांची कंबर धरली. कोणी मालीश केली, कोणी पट्टा दिला. नाशिकला आणले तोवर दुखणे हाडांत पोचले होते. डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता?"

"नाय हो, आमच्यात कुणालाच नाय," आप्पा ठामपणे म्हणाले.

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मीच खरे सांगितले.

 आप्पा वडिलांचा हात धरून म्हणाले, "दादा, तू वाचलास, लय बरं झालं. पण मला सांगायचं व्हतंस रे. मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

वर्षभरात आप्पा गेले. वडील रोज फिरायला जातात. रक्त एकच, मधे दीड तासाचा रस्ता आणि आमची अब्रू.

दहाव्याला गोदेवर सगळे भाऊबंद जमले. मी एकेकाला आजाराचे नाव सांगून तपासणी करायला बजावत होतो. एक म्हातारे काका कानाशी येऊन म्हणाले, "हळू बोल ना, बायामाणसं हायेत."

मी आणखी मोठ्याने सांगितले.