गाडी ‘टक्’ म्हणते

प्रत्येक यंत्रात चैतन्य असतं आणि ते मालकाची निष्ठा ओळखतं, असं माझ्या वडिलांचं मत आहे. आमच्या जुन्या गाडीतलं चैतन्य चावी फिरवली की ‘टक्’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मग आमची अख्खी फणसवाडी मदतीला यायची. दूध घेऊन परतणारे, ऑफिसला निघालेले, सगळे हातातलं ओट्यावर ठेवून गाडीच्या मागे लागत. ‘काका, ही गाडी आहे की गणपती? दरवेळी आपली सगळ्यांनी ढकलायची!’ समोरच्या घरातले शेजारी म्हणत. पण टोमणा मारला आणि धक्का दिला नाही, असं त्यांनी एकदाही केलं नाही.

त्या आठवड्यात मात्र धक्क्याने भागणार नव्हतं. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर सोमवारी गाडी तपासणीला न्यायची होती. तिथे ‘टक्’ म्हणाली असती तर पुढचा मुक्काम भंगारात. वडिलांना ते नको होतं. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. पण आई गेल्यापासून तिची पुढची सीट ते कुणालाही मागेपुढे सरकवू देत नसत.

बॅटरी बदलून झाली होती, स्टार्टरही उघडून झाला होता. गॅरेजमध्ये गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू व्हायची आणि घरी आली की काही दिवसांत पुन्हा तेच. ‘तिला गॅरेजची हवा मानवते,’ वडील म्हणत.

रविवारी दादरहून ताई आली. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आहे. वायर दिसली की संशय घ्यायची सवय मात्र अजून नोकरीत आहे. पर्समधून तिने मीटर काढला.

‘बाबा, चावी फिरवा आणि धरून ठेवा.’

टक्. समोरचे दिवे मलूल झाले.

‘बॅटरीत वीज आहे, पण ती बाहेर पडत नाहीये,’ ताई म्हणाली. मीटरच्या एका वायरचं टोक तिने बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवलं, दुसरीचं त्या खुंटीला आवळलेल्या वायरच्या पट्टीवर. ‘या दोघींमध्ये मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. परत फिरवा.’

आकडा टुणकन वर गेला. ताईने नट सैल करून पट्टी उपसली. आत खुंटीभोवती पिवळसर लाल, वाळलेला थर होता.

‘हे काय आहे?’

‘गंध,’ वडील स्टिअरिंगमागून म्हणाले. ‘हळदकुंकू घातलेलं. गाडी गॅरेजमधून आली की पट्टी काढून आत लावतो. दसऱ्यालाही. वरवर लावून काय उपयोग?’

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

‘बाबा, गाडीची वीज तुम्हीच अडवलीत.’

त्यांनी चावी काढून हातात घेतली. मग म्हणाले, ‘तुमची आई म्हणायची, बाहेरून लावा.’

‘मग?’

‘मला वाटायचं, तिला गाडीतलं काय कळतंय.’

ते खाली उतरले, घरातून पॉलिश पेपर घेऊन आले आणि खुंटी स्वतः घासून चकचकीत केली. पट्टी आवळली. चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. धक्क्यासाठी बाह्या सरसावून आलेले शेजारी थोडे हिरमुसले. ‘म्हणजे उद्यापासून आमचं काही काम नाही?’

वडिलांनी वाडीत पेढे वाटले. इतकी वर्षं ज्यांनी ढकललं, त्यांच्यापुढे पेढा फारच लहान वाटत होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. ताईला त्यांनी दोन दिले आणि आईच्या सीटवर बसवलं. तिने सीट सरकवली नाही, गुडघे दुमडून बसली.

सोमवारी गाडी तपासणीत पास झाली. गंध आता बॉनेटवर लागतं. गाडी रोज सकाळी पहिल्याच चावीला सुरू होते. मग आम्ही ती बंद करतो, कारण बाहेर काढली तर वाडीतली गाडी लावायची जागा जाईल.