कच्ची लाईन

मैनुद्दीनभाईला कुनी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. चकलांब्यात घराघरांत इंटरनेट पोचवलं ते ह्या मानसानं. मी अंगद, त्याचा भागीदार. दुकानात इंटरनेट वाटनारा डबा हाय, स्विच म्हनतात त्याला, त्यातून साऱ्या गावाच्या लाईनी निघतात. नवी लाईन चालू केली की लगेच चालते, पन सेव्ह केली न्हाई तर लाईट जाऊन आल्यावर स्विच नवी लाईन इसरून जुनंच धरून बसतो. भाई मुद्दाम लगेच सेव्ह करत नसे. एकदा चुकीचं सेव्ह करून अख्खं गाव बंद पाडलं होतं त्यानं. तवापासून म्हनायचा, दिवसभर कच्चं चालू दे, संध्याकाळी बघून पक्कं करू. सांगा, ह्यात काय वाईट होतं?

वस्तीवरची छबुबाई लई आजारी होती. पोरगा बजरंग ऊसतोडीला कर्नाटकात, मुकादम सोडीना. वस्तीवर मोबाईलला रेंज न्हाई. म्हून भाईनं दुपारी तिच्या घरी लाईन ओढली, आपला जुना मोबाईल तिच्या हातात दिला. संध्याकाळी फडातून आल्यावर बजरंग व्हिडिओवर आईला बघनार होता.

ती कच्चीच ठिवून आमी उमापूरला तुटलेली केबल जोडायला गेलतो. मागं लाईट गेली, दुकानातली बॅटरी उतरली. लाईट आल्यावर स्विच चालू झाला, पन जुन्यावरच. दिवस मावळताना बजरंगचा फोन आला, आईला लागत न्हाई म्हून. भाईचं तोंडच उतरलं. गाडी कशी दामटली त्याचं त्यालाच ठाऊक. दुकानात लॅपटॉप जोडून त्यानं स्विचमधलं सगळं उघडलं, तर छबुबाईची लाईन बंद दिसली. ती चालू केली, सेव्ह केली, पुन्हा उघडून बघितली, अन् आमी वस्तीवर पळालो. अंगनात बाया रडत होत्या. आत फोन वाजत होता.

ऊसतोड संपल्यावर पाडव्याला बजरंग गावी आला, तो सरळ दुकानात. भाईनं काई लपवलं न्हाई. माझ्या सवयीनं तुमची भेट हुकली, म्हनाला. बजरंग अंगावर जाईल म्हून मी मधी उभा राहिलो. त्यानं हळूच इचारलं, "वाट बघत होती का?"

न्हाई म्हन बे, मी मनातल्या मनात भाईला इनवत होतो. कुनाला कळनार होतं?

"व्हय," भाई म्हनाला. "शेजारची बबिता बसली होती जवळ. फोन छातीवर धरून आई तिला सारखी इचारायची, बजा कावून रुसला माझ्यावर?"