बंद करू नकोस, असं मीच म्हणालो होतो

आमच्या फौंड्रीतली एक मुलगी निष्काळजीपणामुळे नोकरी सोडून गेली, असं कोल्हापुरातल्या आमच्या धंद्यातले लोक आजही समजतात. ते खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे पसरलं.

मुलगी वारणानगरची, इंजिनिअर. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, आत कुठं पोकळी राहील, हे ओतण्याआधी संगणकावर तपासणं हे तिचं काम. त्याला फार ताकदीचे संगणक लागतात. ते आम्ही क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतले इंटरनेटवरून, भाड्यानं घेतले होते. काम असो वा नसो, चालू आहेत तोवर भाडं चढत राहतं. म्हणून संध्याकाळी सगळं बंद करूनच ती घरी जायची.

एकदा सकाळीच पुण्याचं मोठं गिऱ्हाईक न कळवता आलं. संगणक चालू होऊन साच्याचं चित्र दिसेपर्यंत मला त्यांच्यासमोर हवापाण्याच्या गप्पा मारत बसावं लागलं. ते गेल्यावर मी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"आजपासून बंद करायचं नाही."

"काका, भाडं लय चढंल. लागतील तेव्हा चालू करूया की."

"भट्टी रोज थंड करतो का आपण? आतलं अस्तर तडकतं."

ती हसली. "ह्याला कुठलं अस्तर, काका?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण उभा जन्म भट्टीपुढं काढलेला मी, मला ते हसणं लागलं. "मालक मी का तू?" असं विचारलं. पुढं मोठी ऑर्डर आली, त्या कामासाठी आणखी संगणक घेतले, तेही तसेच चालू राहिले. तिनं मला दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी हातानंच तिला जायला सांगितलं.

बिल आलं तेव्हा हिशेब पाहणाऱ्या धाकट्या भावानं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"एवढ्या पैशात नवी भट्टी आली असती की. रिकामं चालू कुणी ठिवलं हे?"

ती माझ्याकडं बघू लागली. मी बोलेन म्हणून थांबली होती. मी चष्मा काढून पुसू लागलो.

"ध्यानात राहिलं नसंल तिच्या," मी म्हणालो.

ती उठून आपल्या टेबलाकडं गेली. त्याच आठवड्यात नोकरी सोडली. दुसऱ्या एका फौंड्रीनं तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा भावानं त्याला ठाऊक होतं ते सांगितलं. तिथं तिला घेतलं नाही. ती पुण्याला गेली.

यंदा मी भावाला खरं सांगितलं. "आता कशाला उकरतोस?" म्हणून तो जेवायला उठला. मग तिलाच फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला काय सांगताय काका, मला ठाऊकच हाय. बाबांना सांगा."

मी वारणानगरला त्यांच्या घरी गेलो. तिचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मला बघताच लगबगीनं उठले, स्वतःची खुर्ची दिली, आत चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले.

"पोरीनं तुमचं लय नुकसान केलं. तरी तुम्ही तिला वाकडं बोलला न्हाईसा. आमी इसरलो न्हाय."

चहा हातात तसाच धरून मी सांगितलं. बंद करू नकोस असं मीच म्हणालो होतो, आणि नंतर तिच्यावर ढकललं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हंजे ती खरं सांगत हुती," ते म्हणाले. "मी तिला म्हटलं, मोठ्या माणसावर आळ घेऊ नगंस. दिवाळीला आली न्हाय त्यानंतर."

ते फोन घेऊन अंगणात गेले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. फोन कानाला लावून ते नुसते उभे होते. तिनं उचलला होता की नव्हता, मला कळलं नाही, आणि तिथं बसून राहायचा हक्क मला होता का, तेही कळेना.