अर्थिंगचा खड्डा आणि शेजारचे काका

नागपुरात आम्ही घर बांधायला घेतलं, तेव्हा प्लॉटसोबत एक सल्लागारही मिळाला. शेजारचे काका! रोज सकाळी ते कंपाउंडच्या भिंतीवर चहाचा कप ठेवत आणि बोटाने हवेत आमचं वायरिंग काढत. गिझर गच्चीवर टाका. वायफायचा डबा देवघरात ठेवा, तिथून रेंज आणि पुण्य दोन्ही घरभर पसरतात. त्यांच्या ज्ञानाला कुठेही फ्यूज नव्हता.

उतरलेला करंट जमिनीत जिरवणारा अर्थिंगचा खड्डा मात्र त्यांना पटेना. अंगणात फरशी बसायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “काहून जमीन खोदून राहिले, भाऊ? आमच्या घरी अर्थिंग नाही. झालं का कोणाले काही?”

एवढा बिनतोड पुरावा! मी खड्डा रद्द केला. संध्याकाळी आभार मानायला त्यांच्याकडे गेलो, कूलरची हवा आपल्याकडे वळवायला हात लावला आणि थेट खांद्यापर्यंत झटका बसला.

“चप्पल घालून हात लावा लागते ना, भाऊ!” काका शांतपणे म्हणाले. “आमच्या घरी सगळ्याईले मालूम आहे.” आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली रबरी चप्पल त्यांनी पायाने पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी बायकोने फरशीवाल्याला थांबवलं आणि उभं राहून खड्डा खणून घेतला. काका भिंतीपाशी आले. आज सल्ला नव्हता, हातात वायरचं भेंडोळं होतं.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “खड्डा तर मोठाच दिसते. आमच्या कूलरची एक वायर जमन का यात?”