काना अडकायचा तेव्हा

सटवाजीमामा एका सोमवारी गेले. निरोप शाळेत आला. मी तास संपवला आणि गंगाखेडची बस धरली.

मामा माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. गंगाखेडला कचेरीसमोर एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर मराठी टंकयंत्र मांडून ते लोकांचे अर्ज टंकून देत. त्यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. या दिवसांत अनेकांनी त्यांचा चांगुलपणा सांगितला, तो खराही आहे. मला मात्र आधी आठवतो तो वैताग. कुठलंही साधं काम मामांना साधेपणानं करता यायचं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली घरं जाळली गेली. आमचंही जळलं. माझा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता. पेटी राहिली, आतला कागद राहिला नाही. दाखल्याची दुसरी प्रत मिळावी असा अर्ज परभणीच्या एका कचेरीत देऊन त्याची पोच आणली, तर कॉलेज तेवढ्यावर प्रवेश द्यायला तयार होतं. पोचेवर शुक्रवारपर्यंतची तारीख हवी होती. हातानं लिहिलेला अर्ज मी एकदा नेला होता. एका ओळीत खाडाखोड आहे म्हणून कारकुनानं तो परत केला. मग शुक्रवारी सकाळी आईनं मला मामांकडे धाडलं.

मामांनी कागद चढवला, चार ओळी मारल्या आणि काना वर अडकला. टंकयंत्रावर भ, ध, श, ण ही अक्षरं अर्धीच उमटतात, पुढे काना मारला की पुरी होतात. काना नाही म्हणजे परभणीसुद्धा पुरी लिहिता येत नाही. मामांनी बोटानं कान्याची दांडी खाली ओढली. पुढच्या कान्याला ती पुन्हा वर गेली आणि तिथंच राहिली.

"मामा, तेवढे काने मी पेननं ओढतो की," मी म्हणालो.

"गप बस."

"बाराची बस हाय."

"बस काय पळून जायलीय का?"

"पळूनच जायलीय, मामा."

त्यांनी पंचा अंथरला. रिबीन काढून कागदावर ठेवली. दाढीचा जुना ब्रश घेऊन पहिल्या दांडीपासून सुरुवात केली. एकेक दांडी वर न्यायची, सोडायची, पडते कशी ते बघायचं. अडकला होता काना आणि हे तपासत होते क.

"काना त्या बाजूला हाय," मी म्हणालो.

"शेजारच्यानं धरल्याबिगर कुनी अडकत न्हाई. ह्या सगळ्या एकाच खाचंत बसल्यात."

अर्ध्या तासानं ते घासलेट आणायला समोरच्या हॉटेलात गेले. तिथं कुणीतरी त्यांना बोलण्यात धरलं. दुकानातले रहीमचाचा हातातली विजार शिवता शिवता म्हणाले, "मशीनला तेल लागतंच, बेटा. घे हे." त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी पुढे केली. मी दांड्यांच्या मुळाशी तेल सोडलं. काना मारून पाहिला. वर गेला, पडला. तीनदा मारला, तीनदा पडला. मला वाटलं, वाचलो.

मामा आले. त्यांनी मशीनकडे न बघता माझ्या बोटांकडे बघितलं.

"तेल?"

"पडायलाय की आता."

त्यांनी कागद बाहेर काढला. चार ओळींवर तेलाचे पिवळे ठिपके उठले होते. रिबीन बसवून, नवा कागद चढवून त्यांनी चारपाच ओळी मारल्या असतील, तोच काना अडकला. सोबत शेजारच्या दोन दांड्या घेऊन अडकला.

"चाचाचं मशीन दुकानात असतंय, रोज पुसल्या जातंय," मामा म्हणाले. "हितं सगळ्या रस्त्याची धूळ बसती. धुळीत तेल घातलं की डिंक होतो. ... आता लाग पुसायला."

बाराची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी दांड्या पुसत होतो आणि रडायच्या बेतात होतो. शेवटी बोललोच, "पेननं काने ओढले असते तर मी आत्ता दैठण्याच्या पुढं असतो. माझं वरीस चाललंय अन् तुमी ब्रश फिरवायलाव."

मामांनी मान वर केली नाही. "अन् त्यानं त्योच काना धरून अर्ज परत केला असता. दुसऱ्याच्या कागदात चालतंय. आपल्या कागदात बघतेत. त्याला बघायला काई घावू नये, एवढ्यासाठी मी हितं बसलोय."

दोन तास आम्ही कोंबडीच्या पिसानं घासलेट लावत आणि चिंधीनं टिपत बसलो. मामांनी अर्ज पहिल्या शब्दापासून पुन्हा टंकला. अडीचच्या बसनं मी परभणीला पोचलो तेव्हा कारकून आवराआवर करत होता. त्यानं अर्ज वाचला. खिडकीच्या उजेडात धरला, पालथा केला, पुन्हा वाचला. शेवटी शिक्का मारला.

त्यानंतर मामांनी यंत्राच्या झाकणाला एक ओळ टंकून चिकटवली: या यंत्रात तेल घालू नये. ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यामागची हकिकत सांगायचे. मी मास्तर झालो तरी थांबले नाहीत. माझ्या सोयरिकीच्या बैठकीत, होणाऱ्या सासऱ्यांसमोर त्यांनी ती तेलाच्या ठिपक्यांसकट सांगितली. "मुलगा हुशार हाय, फक्त तेलाची कुपी वर ठिवा."

या जानेवारीत नामांतर झाल्याची बातमी आली. रस्त्यावर नीळ उधळत होते, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी मामांना न्यायला घरी गेलो, तर ते पंचा अंथरून, रिबीन काढून बसलेले.

"मामा, आज तरी उठा. सोळा वरसं वाट बघितली."

"उद्यापून कागदावर नवं नाव येनार. त्यात काना अडकला तर? ... व्हय पुढं, मी आलोच."

मी पुढे झालो नाही. दारात उभा राहून चडफडत राहिलो. त्यांनी शेवटची दांडी वर नेली, सोडली, पडलेली बघितली, मगच हात धुतले. आम्ही पोचलो तेव्हा मिरवणूक संपली होती. रस्त्यावर नीळ तेवढी पडलेली होती. मामा म्हणाले, "सापडली असती रे, तुजंच चालनं हळू."

दिवसकार्य झाल्यावर मामींनी यंत्र माझ्याकडे दिलं. ब्रश आणि पंचाही दिला. हा लेख मी त्यावरच टंकायला घेतला आणि दुसऱ्या पानावर काना वर अडकला. घरात बायकोचं शिलाई मशीन आहे, कुपी कोनाड्यात असते. लेख पाठवायचा दिवस तोच होता. एकदोन काने पेननं ओढले तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी पंचा अंथरला, रिबीन काढली आणि पहिल्या दांडीपासून सुरुवात केली. लेख त्यामुळे दोन दिवस उशिरा जातो आहे.

यंत्र खिडकीपाशी आहे. झाकणावरची चिठ्ठी शाबूत आहे. काना पडतो.